गर्भपाताची मुदत आणि कामकरी स्त्री

गर्भपात कितव्या आठवड्यापर्यंत कायदेशीर मानावा, हा वाद आपल्या देशात २००८ पासून न्यायालयांत, संसदेत आणि वर्तमानपत्रांत चालू आहे. वीस आठवडे, चोवीस आठवडे, मुदतच नको, अशी निरनिराळी मते मांडली जातात. डॉक्टर बोलतात, वकील बोलतात, धर्माची माणसे बोलतात. कामगार संघटना मात्र बहुधा गप्प असतात. हा बायकांचा खाजगी मामला आहे, युनियनने त्यात कशाला पडायचे, असा आपल्यातल्या पुष्कळांचा समज आहे. परंतु रजेचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, बदली माणूस, रात्रपाळी, क्वार्टरपासून इस्पितळाचे अंतर हे युनियनचे विषय आहेत, हे तर कोणी नाकारणार नाही. मुदतीचा प्रश्न नेमका यांच्यातच अडकलेला आहे.

आधी कायदा काय आहे ते नीट सांगितले पाहिजे, कारण आपल्या शाखांमधून फिरताना असे दिसते की निम्म्या सभासदांना गर्भपात सरसकट बेकायदेशीर वाटतो आणि उरलेल्यांना तो सरसकट कायदेशीर वाटतो. दोन्ही समजुती चूक आहेत. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३१२ प्रमाणे गर्भपात हा गुन्हा होता, आणि तो करवून घेणारी स्त्रीही गुन्हेगार होती. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच कलम ८८ व्या क्रमांकाने आले आहे. म्हणजे मूळ गुन्हा तसाच आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा हा त्या गुन्ह्याला केलेला अपवाद आहे. अमुक कारण असेल, अमुक डॉक्टर असेल, अमुक जागा असेल आणि अमुक आठवड्यांच्या आत असेल, तर शिक्षा नाही, एवढेच तो सांगतो. गर्भपात हा स्त्रीचा हक्क आहे असे या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. या गोष्टीचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

२०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून ती अंमलात आली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांच्या मध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि ती सवलतही सर्व स्त्रियांना नाही. बलात्कार किंवा जवळच्या नात्यातील अत्याचाराला बळी पडलेल्या, अठरा वर्षांखालील, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, मोठे अपंगत्व असलेल्या, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया, एवढ्यांनाच ती आहे. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग आहे असे राज्याच्या वैद्यकीय मंडळाने म्हटले तरच परवानगी मिळते. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर मात्र आठवड्यांची कोणतीही अट नाही. ही तरतूद १९७१ पासून आहे. संमती फक्त स्त्रीची लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. आपल्या किती दवाखान्यांत ती तरीही मागितली जाते, हे स्त्री सभासदांना विचारून पाहावे.

आता हे आठवडे मोजतात कसे? ते गर्भ राहिल्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकली हे लक्षात येते तेव्हाच कागदावर चार-पाच आठवडे झालेले असतात. जिची पाळी अनियमित आहे, जी अंगावर पाजते आहे, जिला पाळी जाण्याचे वय आले असे वाटते आहे, किंवा जी चौदा वर्षांची आहे आणि आपल्या शरीरात काय चालले आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नाही, तिच्या हिशेबातून दोन-तीन महिने न कळत निघून जातात. गर्भातले व्यंग दाखवणारी मुख्य सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होते, कारण त्याआधी हृदय, मणका, मूत्रपिंड नीट दिसत नाहीत. त्यात शंका आली की पुढच्या तपासण्या, आणि काही तपासण्यांचा निकाल यायला दोन-तीन आठवडे. जुनी वीस आठवड्यांची मुदत म्हणजे निदान होण्याच्या दिवशीच दार बंद, असा प्रकार होता.

ती मुदत आली कोठून? गर्भपाताच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९६६ च्या डिसेंबरात अहवाल दिला. चोरून केलेल्या गर्भपातांनी बायका मरत होत्या, हे त्यामागचे कारण होते. लोकसंख्या आवरण्याची घाई सरकारला होती, हेही खरे. सोनोग्राफी तेव्हा आपल्याकडे नव्हती आणि पाचव्या महिन्यानंतरची शस्त्रक्रिया धोक्याची होती. त्या काळच्या वैद्यकीय सोयींवर बसवलेला तो आकडा होता. पुढे साधने बदलली, औषधे आली, सोनोग्राफी तालुक्याला पोहोचली, आणि आकडा पन्नास वर्षे तसाच राहिला.

कायदा नव्हता तेव्हा काय होत होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ साली सुरतेच्या बाजूच्या एका तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी करण्यात आली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीरीतींवर जी झोड उठली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. बाईवर खटला चालतो, तिला या अवस्थेला नेणारा पुरुष कोणाला सापडत नाही, हा त्यांचा सवाल आजही शिळा झालेला नाही. मुदतीच्या एकाही निकालपत्रात त्या पुरुषाचे आठवडे मोजलेले नसतात.

२००८ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एक जोडपे आणि त्यांचे डॉक्टर आले. गर्भ चोवीस आठवड्यांच्या पुढे गेला होता, त्याच्या हृदयात दोष सापडला होता. न्यायालयाने परवानगी नाकारली. काही दिवसांनी त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला. त्या खटल्याने हा प्रश्न देशापुढे आला, आणि पुढे तेरा वर्षांनी कायदा बदलला. मधल्या काळात आणि नंतरही स्त्रिया एकामागून एक न्यायालयात जात राहिल्या. २०१७ मध्ये चंदीगडच्या दहा वर्षांच्या मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा बत्तीस आठवडे झाले होते. परवानगी नाकारली गेली आणि त्या मुलीने पुढच्या महिन्यात बाळाला जन्म दिला. दहा वर्षांची मुलगी! तिच्या घरच्यांना ते इतक्या उशिरा का कळले, यावर आश्चर्य करणाऱ्यांनी आपल्या घरातील दहा वर्षांच्या मुलीकडे पाहावे. तिच्या पोटात दुखते म्हटल्यावर कोणाच्या मनात हे येईल?

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण एका अविवाहित पंचवीस वर्षांच्या तरुणीचे होते. वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत लग्न झालेलीला आणि न झालेलीला असा भेद करून देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. नवऱ्याने केलेली बळजबरीही या कायद्यापुरती बलात्कारच समजावी, असेही सांगितले. निकाल चांगला होता. पण पुढच्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, दोन मुलांची आई असलेली एक विवाहित स्त्री त्याच न्यायालयात आली. धाकटे मूल अंगावर पीत होते, पाळी सुरूच झाली नव्हती, म्हणून दिवस गेल्याचे तिला कळले नाही. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. सव्वीस आठवडे झाले होते. ९ तारखेला न्यायालयाने परवानगी दिली. १० तारखेला इस्पितळातील डॉक्टरने कळवले की गर्भ जगू शकेल अशा अवस्थेत आहे, आधी त्याचे हृदय थांबवावे लागेल, तसे करायचे का ते सांगा. ११ तारखेला दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली. १६ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली.

या प्रकरणात कोणी दुष्ट नव्हते. डॉक्टरचा प्रश्न खरा होता. बाईची अडचणही खरी होती. पण आठवडाभर देशातील सर्वात वरचे न्यायाधीश एका बाईच्या पोटाविषयी सकाळी एक आणि संध्याकाळी एक बोलत होते, आणि ती दिवस मोजत होती. आमचा आक्षेप या पद्धतीवर आहे. आणखी एक उदाहरण आपल्याच राज्याचे आहे. २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीला मुंबई उच्च न्यायालयाने ४ एप्रिलला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला परवानगी दिली आणि शीवच्या लोकमान्य टिळक इस्पितळावर ते काम सोपवले. मध्ये अठरा दिवस गेले होते, गर्भ तीस आठवड्यांजवळ आला होता. शेवटी आईवडिलांचेच मन मुलीच्या जिवाच्या काळजीने बदलले आणि २९ एप्रिलला तो आदेश मागे घेण्यात आला. वैद्यकीय मंडळाने नुसते गर्भातले व्यंग पाहू नये, मुलीच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल तेही लिहावे, असे त्या निकालात सांगितले आहे. चांगले आहे. पण ते सांगून घ्यायला एका मुलीला दिल्लीपर्यंत जावे लागले.

दिल्लीपर्यंत कोण जाऊ शकते? आपल्या सभासदांचा विचार करू. समजा, भामरागड तालुक्यात एक ग्रामीण डाक सेविका आहे. पाळी दोनदा चुकली तेव्हा तिने उन्हामुळे आणि दगदगीमुळे असेल असे म्हणून सोडून दिले. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा पावसाळा लागला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे गडचिरोलीच्या माणसाला ठाऊक आहे. पूर ओसरला तेव्हा टपालघर कोणावर सोपवायचे हा प्रश्न. ती रजेवर जाणार तर तिच्या जागी काम करणारा माणूस उभा राहिला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत पंधरा दिवस गेले. मग जिल्ह्याच्या इस्पितळात गेली तर त्या दिवशी सोनोग्राफी करणारे डॉक्टर नाहीत, सोमवारी या. सोमवारी गेली तर नवऱ्याला घेऊन या. नवरा कामाला तेलंगणात. ही बाई चौथ्या महिन्यात निघाली आणि सहाव्या महिन्यात पोहोचली. तिने कोठे वेळ घालवला ते दाखवा! कायदा तिला विचारणार, बाई, एवढा उशीर का केलास?

हीच गोष्ट इटारसीच्या ट्रॅकमेंटेनर बाईची असू शकते, हुबळीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, जिला कानडी येत नाही आणि डॉक्टरला मराठी येत नाही, अशा आपल्या भगिनीची असू शकते. आरएमएसमध्ये रात्रपाळी करणारी, दिवसा घर सांभाळणारी बाई दवाखान्यात जाणार कधी? स्टेशनवर ठेकेदाराकडे झाडूकाम करणारीचा तर एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार, दोन खाडे म्हणजे कामावरून कमी. जी बाई मुंबईत, पुण्यात, पैसेवाल्या घरात आहे तिला आठव्या आठवड्यात कळते, नवव्यात ती खाजगी डॉक्टरकडे जाते, गोळ्यांवर काम होते, कोणाला पत्ता लागत नाही. मुदतीचा आकडा तिच्या आयुष्यात येतच नाही. उशिराच्या आठवड्यांत ज्या सापडतात त्या बहुतांशी लहान मुली, गरीब बाया, दूरच्या गावच्या बाया आणि ज्यांच्या गर्भात उशिरा दोष सापडला अशा. म्हणून मुदत आखडणे किंवा सैल करणे हा गरिबाच्या बाईवर पडणारा निर्णय आहे. याला वर्गाचा प्रश्न म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

जिला इस्पितळाचे दार बंद झाले ती मूल ठेवतेच असे नाही. ती औषधाच्या दुकानात जाते. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि इतर काही संस्थांनी मिळून केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायच्या असतात. वेळेवर आणि नीट घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत, त्यांनी पुष्कळ बायकांचे जीव वाचवले आहेत. पण चौदाव्या, सोळाव्या आठवड्यात दुकानदाराने पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या घेऊन रक्त वाहत असताना कामावर येणारी बाई, ही शक्यता कोणी बोलून दाखवत नाही. 'पिशवी साफ केली' एवढेच शब्द आपल्या कानावर येतात.

आता विरोधी बाजूचे म्हणणे. ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही, कारण आपल्या सभासदांतही ते म्हणणारे आहेत.

पहिले म्हणणे असे की चोवीस आठवड्यांच्या सुमारास जन्मलेले मूल चांगल्या इस्पितळात वाचू शकते, मग त्यानंतर गर्भपात म्हणजे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या अवस्थेत गर्भपात म्हणजे जवळजवळ बाळंतपण असते, आणि ते करणाऱ्या डॉक्टरच्या आणि परिचारिकेच्या मनावर ओझे पडते. त्याही कामगारच आहेत. म्हणूनच मुदत अजिबात नको, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की चोवीस आठवड्यांपर्यंत कोणत्याही स्त्रीला, ती कोणत्या यादीत बसते हे न पाहता, तिच्या मागणीवर आणि डॉक्टरच्या सल्ल्याने गर्भपात मिळावा. आज तीन मुलांची, कंटाळलेली, निरोध फसलेली, नवऱ्याची नोकरी गेलेली साधी विवाहित स्त्री एकविसाव्या आठवड्यात आली तर ती नियमातल्या कोणत्या खान्यात बसते? २०२२ च्या निकालातील उदार अर्थाचा आधार घेऊन डॉक्टर तिला बसवू शकतो. पण फौजदारी कलम डोक्यावर टांगलेले असताना तो बसवेल का? मूळ गुन्हा कायम ठेवून वर अपवाद रचला की डॉक्टर आधी स्वतःची मान सोडवतो. न्यायालयातून कागद आणा, म्हणतो. कायदा मागत नाही तो कागद भीती मागते.

दुसरे म्हणणे मुलींच्या गर्भांविषयी. महाराष्ट्राने हे पाप पाहिले आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. मुदत वाढवली तर हेच वाढेल, अशी भीती पुष्कळ प्रामाणिक कार्यकर्त्यांना वाटते. परंतु गर्भाचे लिंग चौथ्या महिन्यात सोनोग्राफीवर ओळखता येते. ज्याला मुलगी नको आहे तो बाविसाव्या आठवड्याची वाट पाहत बसत नाही. हा गुन्हा सोनोग्राफीच्या खोलीत घडतो आणि तो तेथेच पकडला पाहिजे. त्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये, म्हणजे देशाच्या आधी, कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये झाला. तो राबवायचा सोडून चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहिले जाते आणि भीतीने डॉक्टर दारातूनच परत पाठवतात. चोर सोडून संन्याशाला सुळी.

तिसरे म्हणणे अपंग साथींच्या संघटनांकडून येते, आणि आमच्या मते सर्वात जास्त विचार करण्यासारखे तेच आहे. चोवीस आठवड्यांनंतर कायद्याने एकच दार उघडे ठेवले आहे, गर्भात व्यंग असल्याचे. म्हणजे निरोगी गर्भ जपण्यासारखा आणि अपंग गर्भ टाकण्यासारखा, असे सरकारच लिहून देते का? आपल्या टपालघरांत आणि रेल्वे कचेऱ्यांत अपंग कर्मचारी काम करतात, युनियनची वर्गणी भरतात. त्यांनी हे कलम वाचून काय समजायचे? आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर चौदा वर्षांच्या मुलीचे मन मोडले, तिचे कोवळे शरीर बाळंतपण सोसणार नाही, हे कारण त्या दारात चालत नाही. कायद्याने गर्भाची तपासणी केली, बाईची केली नाही. चोवीस आठवड्यांनंतर निर्णयाचा आधार बाईची प्रकृती, शरीराची आणि मनाची, हाच असला पाहिजे. तसे झाले तर अपंग साथींचा आक्षेपही बराचसा दूर होतो आणि लहान मुलींना दिल्ली गाठावी लागत नाही.

वैद्यकीय मंडळ 'प्रत्येक राज्यात' असावे एवढेच कायद्यात आहे. ते प्रत्येक जिल्ह्यात हवे. २०२१ च्या नियमांत मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे आणि पाच दिवसांत काम पुरे करावे, अशी चांगली अट आहे. नियमातला हा वेग गडचिरोलीच्या बाईला मिळायचा तर मंडळ तिच्या एसटीच्या अंतरात असले पाहिजे.

संघटनांनी यात पडू नये म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने गर्भपात कायदेशीर झाला, आणि तेव्हा मुदत व्यवहारात अठ्ठावीस आठवड्यांची होती. १९७९ मध्ये जॉन कॉरी नावाच्या खासदाराने ती वीस आठवड्यांवर आणणारे आणि कारणेही आवळणारे विधेयक मांडले. तेथील कामगार संघटनांच्या महासंघाने, टीयूसीने, २८ ऑक्टोबर १९७९ रोजी लंडनमध्ये त्याविरुद्ध मोर्चा बोलावला. हजारो लोक चालले, त्यात खाणकामगार आणि इतर कष्टकरी पुरुषही होते. मोर्चाच्या पुढे कोणी चालायचे यावरून स्त्रियांच्या संघटना आणि युनियनचे पुढारी यांच्यात तेढ झाली, असेही सांगतात. ते वाचून आपल्याकडच्या मोर्चांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पण विधेयक १९८० मध्ये बारगळले. पुढे १९९० मध्ये ब्रिटिश संसदेने विचार करून मुदत चोवीस आठवडे केली. महासंघाची भूमिका साधी होती. श्रीमंत बाई कोणत्याही मुदतीत वाट काढते, कामकरी बाईला कायदाच लागतो.

दूरच्या गोष्टी सोडल्या तरी आपल्या हातातले काम कमी नाही. केंद्र सरकारी कर्मचारी स्त्रीला गर्भपात झाला किंवा केला तर संपूर्ण नोकरीत मिळून पंचेचाळीस दिवसांची प्रसूती रजा मिळते. हयात मुले किती आहेत याची अट त्याला नाही. रेल्वेतही तशीच तरतूद आहे. किती स्त्रिया ती घेतात? आमचा अनुभव असा की बहुतेक जणी अर्जित रजा टाकतात किंवा आजारपणाची टाकतात. कारण उघड आहे. प्रमाणपत्र लावावे लागते, ते हेडक्लार्ककडून जाते, तेथून वर जाते, आणि संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये चर्चा होते. गंमत अशी की कायदा स्वतः गुप्ततेबाबत फार कडक आहे. बाईचे नाव बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे. संमतीपत्र पाकिटात घालून, पाकीट बंद करून, वर 'गुप्त' असे लिहून ठेवावे लागते. रजिस्टरही गुप्त असते. बंद पाकिटाचे मोल टपाल कामगाराला कोणी शिकवायला नको. मग तेच प्रमाणपत्र आपल्या कचेरीत उघडे का पडते? ते वैद्यकीय अधिकाऱ्याने थेट मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे बंद पाकिटात पाठवावे, अर्जावर कारण न लिहिता नुसता नियमाचा क्रमांक घालावा, ही मागणी करायला संसदेची गरज नाही. पुढच्या संयुक्त बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती घालता येते.

ग्रामीण डाक सेविका केंद्राच्या त्या रजा नियमांत बसत नाहीत. त्यांना हाच हक्क, आणि बदली माणूस देण्याची जबाबदारी खात्याची, ही मागणी वेगळी मांडली पाहिजे. ठेकेदाराकडच्या स्त्रियांना राज्य विमा योजनेत गर्भपातानंतर सहा आठवड्यांचा लाभ आहे, पण ठेकेदाराने त्यांचे नाव भरले असेल तर. नाव भरले आहे की नाही हे स्टेशनवरचा आपला शाखा सचिव अर्ध्या तासात तपासू शकतो.

रेल्वेची इस्पितळे सरकारी असल्यामुळे कायद्याने ती गर्भपातासाठी वेगळ्या परवानगीशिवाय चालतात. पण तेथे प्रशिक्षित डॉक्टर आहे का, आठवड्यातून किती दिवस, सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात खरोखर होते का, की तारीख मिळेपर्यंत बावीस होतात, नवऱ्याची सही मागतात का, बाहेरच्या इस्पितळाची चिठ्ठी मिळायला किती दिवस लागतात, हे विचारले पाहिजे. प्रत्येक विभागीय शाखेने आपल्या विभागातील रेल्वे इस्पितळातून आणि टपाल कर्मचारी जेथे जातात त्या सरकारी दवाखान्यांतून ही माहिती लेखी मागवावी आणि उत्तराची प्रत मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावी. कोणत्याही स्त्रीचे नाव त्यात येता कामा नये. आणि हे पत्र लिहिण्याचे काम महिला उपसमितीवर ढकलू नये. त्यावर शाखा सचिवाची सही असावी.